यंत्रमानव आणि रश्श्याची वाटी

लेख वाचायला घेण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. स्वयंपाकघरातील एक वाटी घ्या. काठाच्या खाली अर्धे बोट जागा उरेल इतके पाणी तिच्यात भरा. ती वाटी एका ताटलीत ठेवा आणि ताटली हातात धरून बाहेरच्या खोलीपर्यंत नेहमीच्या चालीने जा. वाटेत एकदा एकदम थांबा. नंतर ताटलीत किती पाणी सांडले ते पाहा.

आता तुमच्या गावातील एखाद्या मिसळीच्या हॉटेलातील वेटर आठवा. त्याच्या एका हातावर तीन-चार ताटल्या असतात. रश्श्याच्या वाट्या काठोकाठ भरलेल्या असतात. समोरून गिऱ्हाइके येत असतात, मध्येच कोणी खुर्ची मागे सरकवतो, एखादे लहान मूल टेबलांमधून धावत सुटते. तरीही रश्श्याचा थेंब सांडत नाही. आणि हे सर्व करीत असतानाच कोपऱ्यातील आजोबांचे पाणी संपले आहे हे त्याच्या लक्षात आलेले असते.

आज जगातील अनेक शहरांत हे काम यंत्रे करू लागली आहेत. "मग वेटरची गरजच उरणार नाही का?" असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर हवे असेल तर आधी वेटर नेमके काय काय करतो, हे मोजायला हवे.

एक काम की दहा कामे?

वरवर पाहता 'वाढणे' हे एकच काम वाटते. प्रत्यक्षात ती अनेक कामांची मोळी आहे. आलेल्या माणसाला जागा दाखवणे, काय हवे ते विचारणे, ते लक्षात ठेवणे, भटारखान्यात सांगणे, पदार्थ टेबलापर्यंत वाहून नेणे, योग्य माणसासमोर ठेवणे, काही कमी-जास्त हवे का ते पाहणे, खरकटी भांडी उचलणे, टेबल पुसणे, पैसे घेणे. यांतील काही कामे हातापायांची आहेत, काही स्मरणशक्तीची, तर काही केवळ नजरेची.

यंत्र ही सगळी मोळी एकदम उचलत नाही. ते तिच्यातील एखादी काटकी काढून घेते. कोणती काटकी गेली आणि उरलेल्या कोणाच्या डोक्यावर आल्या, एवढेच पाहत गेलो तर या विषयाचा गुंता सुटू लागतो. हा विषय वाटतो तितका नवा नाही. त्याची सुरुवात सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

नाणे टाका, दार उघडा

जून १९०२ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जोसेफ हॉर्न आणि फ्रँक हार्डार्ट यांनी एक नवलाईचे उपाहारगृह उघडले. त्याचे नाव 'ऑटोमॅट'. कल्पना आणि यंत्रसामग्री जर्मनीतून आणलेली होती. भिंतीत काचेच्या छोट्या दारांचे कप्पे असत आणि प्रत्येक कप्प्यात एक पदार्थ. ठरलेले नाणे फटीत टाकायचे, मूठ फिरवायची, की दार उघडे. बशी आपली आपण घ्यायची. वेटर कोठेच दिसत नसे. पुढे न्यूयॉर्कमध्येही ही उपाहारगृहे निघाली आणि गरीब-श्रीमंत सर्वांची आवडती झाली. पाच सेंटला मिळणारी कॉफी १९५० पर्यंत पाच सेंटलाच मिळत राहिली.

पण भिंतीच्या पलीकडे डोकावले असते तर काय दिसले असते? तेथे माणसेच होती. कप्प्यांचे उभे पिंप फिरवून रिकाम्या जागी नवा पदार्थ ठेवण्याचे काम ती अखंड करीत. दर्शनी भागात काचेच्या खोपटात बसलेल्या स्त्रिया नोटांचे सुटे करून देत. स्वयंपाक माणसे करीत, टेबलेही माणसेच पुसत. यंत्राने 'पदार्थ हातात देणे' आणि 'पैसे घेणे' एवढ्याच काटक्या काढून घेतल्या होत्या. तिसरे एक काम, म्हणजे टेबलापर्यंत बशी नेणे, गिऱ्हाइकाकडे आले होते. त्याचा पगार मात्र त्याला कोणी देत नव्हते!

काळ बदलला, महागाई वाढली, झटपट खाण्याची नवी दुकाने निघाली. न्यूयॉर्कमधील शेवटचे ऑटोमॅट १९९१ मध्ये बंद झाले.

फिरणारा पट्टा

दुसरी गोष्ट जपानमधील. योशिआकी शिराइशी यांचे ओसाकाजवळ सुशीचे एक लहानसे दुकान होते. सुशी म्हणजे आंबवलेल्या चवीच्या भातावर मासळी वगैरे ठेवून केलेला घास. गिऱ्हाइके भरपूर, पण हाताखाली माणसे कमी, अशी त्यांची अडचण होती. एकदा बिअरच्या कारखान्यात त्यांनी सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या पुढे जाताना पाहिल्या. बाटल्या जातात तर बश्या का जाणार नाहीत? कित्येक वर्षे खटपट करून १९५८ साली त्यांनी फिरत्या पट्ट्याचे पहिले सुशी-दुकान उघडले.

मध्ये आचारी, त्याच्याभोवती फिरता पट्टा आणि पट्ट्याभोवती गिऱ्हाइके, अशी ही रचना. हवी ती बशी उचलायची. शेवटी रिकाम्या बश्या मोजून पैसे द्यायचे. बशीच्या रंगावरून किंमत कळते. पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर ठेवतात. पट्टा २४ मीटर लांब असेल तर एक बशी किती वेळात पूर्ण फेरी मारील? २४०० भागिले ८, म्हणजे ३०० सेकंद, अर्थात पाच मिनिटे. वेग याहून फार कमी असला तर गिऱ्हाईक कंटाळते, फार जास्त असला तर बशी उचलताना धांदल उडते. येथे वेटरचे चालणे पट्ट्याने उचलले, आणि निवडणे व उचलणे गिऱ्हाइकाकडे गेले.

ऑटोमॅट काय किंवा पट्टा काय, दोन्ही यंत्रे आंधळी होती. समोर कोण आहे हे त्यांना कळत नसे, आणि कळण्याची गरजही नव्हती, कारण ती आपल्या जागेवरून हलत नव्हती. चालत टेबलापर्यंत जायचे तर मात्र यंत्राला पाहता आले पाहिजे.

वेठ करणारा

'रोबॉट' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले. शब्द सुचवला होता त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ, सक्तीची मजुरी. आपल्याकडील वेठबिगार आठवा, म्हणजे या शब्दातील खोच कळेल. मराठीत आपण त्याला यंत्रमानव म्हणतो.

१९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' नावाचा यंत्रमानव कामाला लागला. तापलेले धातूचे भाग उचलण्याचे काम तो करी. पण कारखान्यातील जग यंत्राच्या सोयीने मांडता येते. भाग रोज त्याच जागी येतो आणि वाटेत कोणी येत नाही. हॉटेलातील जग माणसांच्या सोयीने मांडलेले असते. तेथे खुर्ची कालच्या जागी आज नसते. म्हणून कारखान्यातून हॉटेलात यायला यंत्रमानवाला बराच काळ लागला.

वाट कशी सापडते?

सुरुवातीच्या यंत्र-वाढप्यांसाठी जमिनीवर चुंबकीय पट्टी चिकटवीत. यंत्राच्या पोटाखाली डावीकडे आणि उजवीकडे एकेक संवेदक असतो. यंत्र उजवीकडे भरकटले, तर पट्टी डाव्या संवेदकाच्या अधिक जवळ येते आणि त्याला जास्त चुंबकत्व जाणवते. लगेच यंत्र थोडे डावीकडे वळते. चूक मोजायची, ती कमी होईल असे हलायचे आणि पुन्हा मोजायचे, या पद्धतीला प्रतिसंभरण म्हणतात. सायकल चालवताना तुम्हीही नकळत हेच करता. पण पट्टीवर कोणी खुर्ची ठेवली की बिचारे यंत्र अडले!

अलीकडील यंत्रांना पट्टी लागत नाही. ती तीन प्रकारे आपली जागा ओळखतात.

पहिला प्रकार चाकांचे फेरे मोजण्याचा. चाकाचा व्यास १४ सेंटिमीटर असेल तर त्याचा परीघ ४४ सेंटिमीटर. दहा फेरे झाले म्हणजे यंत्र ४ मीटर ४० सेंटिमीटर पुढे गेले. परंतु ओल्या फरशीवर चाक घसरले तर हिशेब चुकतो आणि चूक साठत जाते.

म्हणून दुसरा प्रकार, लेसर किरणांचा. यंत्र चहूबाजूंना लेसरचे सूक्ष्म झोत सोडते आणि झोत परत यायला किती वेळ लागला ते मोजते. भिंत ३ मीटरवर असेल तर प्रकाशाचा जाऊन-येऊन प्रवास ६ मीटरचा होतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. म्हणजे एका सेकंदाचे पाच कोटी भाग केले तर त्यांतील एका भागात झोत परत येतो! इतका अल्प काळ मोजणारी इलेक्ट्रॉनिक मंडले आज स्वस्त झाली आहेत. अशी हजारो अंतरे मोजून यंत्रातील संगणक खोलीचा नकाशा तयार करतो. नंतर प्रत्येक क्षणी मिळणारी अंतरे त्या नकाशाशी ताडून पाहून 'मी येथे आहे' असे ठरवतो. काही यंत्रे छतावर चिकटवलेल्या खुणा कॅमेऱ्याने पाहतात. ताऱ्यांकडे पाहून जहाज हाकारणारा नाखवा आठवतो ना?

तिसरा प्रकार, खोली जाणणाऱ्या कॅमेऱ्यांचा. लेसरचा झोत बहुधा एकाच उंचीवर आडवा फिरतो. त्याला टेबलाचा पाय दिसतो, पण बाहेर आलेली टेबलाची कड दिसत नाही. स्वच्छ काचेतून तर तो आरपार जातो. आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे दोन भिंगांतून पाहून अंतर ओळखणारे कॅमेरे ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात.

आता रस्सा!

वाट सापडली. पण सुरुवातीच्या प्रयोगातील पाणी का सांडले, ते अजून पाहायचे आहे.

वाटी पुढे जात असते तेव्हा आतील द्रवही त्याच वेगाने पुढे जात असतो. वाटी एकदम थांबली की जडत्वामुळे द्रव पुढेच जाऊ पाहतो आणि पुढच्या काठाशी चढतो. किती चढतो याचा साधा हिशेब आहे. द्रवाचा पृष्ठभाग जेवढा तिरपा होतो, त्या तिरपेपणाचे प्रमाण म्हणजे वेग कमी होण्याचा दर भागिले गुरुत्वत्वरण.

समजा, यंत्र सेकंदाला १ मीटर वेगाने चालले आहे आणि अर्ध्या सेकंदात थांबले. वेग कमी होण्याचा दर झाला सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद. गुरुत्वत्वरण सुमारे १० धरू. प्रमाण आले एकपंचमांश. वाटीची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल तर पुढच्या काठाशी रस्सा १ सेंटिमीटर चढेल. धक्का अचानक असेल तर याहूनही जास्त. अर्धे बोट जागा पुरणार नाही!

मग दोन सेकंदांत सावकाश थांबावे काय? तसे केले तर रस्सा फक्त अडीच मिलिमीटर चढेल. पण थांबेपर्यंत यंत्र एक मीटर पुढे गेलेले असेल. समोर अचानक मूल आले तर? अर्ध्या सेकंदात थांबणारे यंत्र २५ सेंटिमीटरांत थांबते. म्हणजे मूल वाचवावे तर रस्सा सांडतो आणि रस्सा वाचवावा तर मुलाला धक्का बसतो.

यातून वाट कोणती? वेगच निम्मा करा. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जाणारे यंत्र एका सेकंदात हळूवार थांबले, तर ते २५ सेंटिमीटरांतच थांबते आणि रस्साही अडीच मिलिमीटरच चढतो. गणित करून खात्री करून घ्या. हॉटेलातील यंत्रमानव इतके संथ का चालतात, याचे एक मोठे कारण या साध्या गणितात आहे.

आणखी एक गंमत आहे. वाटीतील द्रवाला स्वतःची झुलण्याची लय असते. वर सांगितलेल्या वाटीत ती सेकंदाला सुमारे तीन झोके इतकी असते. चालताना आपली पावले सेकंदाला सुमारे दोन पडतात, घाईत आणखी जास्त. पावलांची लय द्रवाच्या लयीजवळ गेली की प्रत्येक पावलागणिक झोका वाढत जातो. यालाच अनुनाद म्हणतात. हातातील कॉफी का सांडते याचा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातील रुस्लान क्रेचेट्निकोव्ह आणि हान्स मेयर यांनी केला. त्याबद्दल २०१२ साली त्यांना 'इग नोबेल' हा, आधी हसवणारा आणि मग विचार करायला लावणारा पुरस्कार मिळाला. चाकांवरच्या यंत्राला पावलेच नसतात. ही त्याची जमेची बाजू. तरीही फरशांच्या सांध्यांमुळे बसणारे हादरे शोषण्यासाठी यंत्राला स्प्रिंगा लावाव्या लागतात.

तुमच्या हॉटेलातील वेटर मात्र हे गणित न मांडता सोडवतो. गुडघे, कोपर आणि मनगट किंचित वाकवून तो धक्के जिरवतो. मूल धावत आले तर हात वर उचलून स्वतः वळतो. मूलही वाचते आणि रस्साही!

जे यंत्राला जमत नाही

जपानमधील 'स्कायलार्क' या उपाहारगृहांच्या साखळीने २०२२ अखेरपर्यंत मांजराच्या तोंडवळ्याची सुमारे ३००० यंत्रे कामाला लावली. भारतातही २०१७ साली चेन्नईत यंत्रमानव वाढपी असलेले उपाहारगृह सुरू झाले. अशी बहुतेक यंत्रे टेबलाजवळ येऊन उभी राहतात. ताटली उचलून समोर ठेवण्याचे काम गिऱ्हाईक किंवा शेजारी उभा असलेला माणूस करतो. तेलकट, गरम, वेगवेगळ्या आकारांची भांडी गर्दीच्या टेबलावर जागा करून ठेवणे यंत्राच्या हाताला आजही सोपे नाही. बुद्धिबळात विश्वविजेत्याला हरवणे यंत्राला १९९७ सालीच जमले होते. आपल्याला अवघड वाटते ते यंत्राला सोपे जाते, आणि वर्षा-दोन वर्षांच्या मुलाला जमते ते यंत्राला अवघड जाते. अमेरिकेतील संशोधक हान्स मोराव्हेक यांनी १९८८ साली या विसंगतीकडे लक्ष वेधले होते.

लक्ष देणे तर त्याहून कठीण. जपानमधील नागासाकी प्रांतात २०१५ साली 'हेन ना' नावाचे, यंत्रमानवांनी चालवलेले राहण्याचे हॉटेल निघाले. तेथे प्रत्येक खोलीत बोलके यंत्र होते. एका पाहुण्याचे घोरणे हा आपल्याला विचारलेला प्रश्न आहे असे समजून ते त्याला रात्रभर जागे करीत राहिले! तेथील २४३ यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक यंत्रे २०१९ पर्यंत काढून टाकण्यात आली. ती माणसांचे काम कमी करण्याऐवजी वाढवीत होती.

यंत्राच्या आत माणूस

याच्या अगदी उलट वाटेने जाणारे एक उपाहारगृह टोकियोत जून २०२१ मध्ये सुरू झाले. त्याचे नाव 'डॉन'. तेथेही यंत्रमानव वाढतात, बोलतात. परंतु प्रत्येक यंत्रामागे एक माणूस असतो. तो आपल्या घरी किंवा रुग्णालयात खाटेवर असतो. स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने किंवा मणक्याच्या दुखापतीने ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, अशी ही माणसे आहेत. ती यंत्राच्या कॅमेऱ्यातून गिऱ्हाईक पाहतात आणि त्याच्याशी गप्पा मारतात. काही जण केवळ डोळ्यांच्या हालचालींनी यंत्र चालवतात. या कामाचा त्यांना पगार मिळतो. ही यंत्रे केंतारो योशिफुजी, म्हणजेच 'ओरी' योशिफुजी यांच्या कंपनीने तयार केली आहेत. लहानपणी आजारपणामुळे त्यांना काही वर्षे शाळेत जाता आले नव्हते.

येथे यंत्राने माणसाची जागा घेतलेली नाही. ज्याला जागाच नव्हती, त्याला तिने जागा दिली आहे. यंत्र तेच, चाके तीच. बदलला तो ते बनवणाऱ्याने स्वतःला विचारलेला प्रश्न.

आपल्यासमोरचा प्रश्न

जपानमध्ये दर दहा माणसांत जवळजवळ तीन जण पासष्टी गाठलेले किंवा ओलांडलेले आहेत. वाढायला तरुण माणसे मिळत नाहीत. तेथे यंत्र आले तर ते बहुधा रिकाम्या जागेवर येते. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. हॉटेलातील नोकरी ही गावाहून शहरात आलेल्या कितीतरी तरुणांची पहिली भाकरी असते. ती गेली तर पर्याय काय, हा प्रश्न खरा आहे. जेथे मजुरी स्वस्त असते तेथे यंत्र उशिरा येते, हेही खरे. पण मजुरी स्वस्त असणे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. आपल्या हॉटेलांत टेबले पुसणाऱ्याला वर्षानुवर्षे 'पोऱ्या' म्हणत आले, कारण तो खरोखरच पोर असे. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले, ढाबे व घरकाम येथे कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून कायद्याने बंदी आली. त्या पोराचे काम नाहीसे झाले याचे दुःख कोणी करू नये. ते पोर शाळेत गेले की नाही, हे मात्र पाहायला हवे.

म्हणून 'यंत्र चांगले की वाईट' असे विचारून भागत नाही. यंत्राने कोणती काटकी उचलली? उरलेली मोळी कोणाच्या डोक्यावर आली? वाचलेल्या श्रमाचा आणि पैशाचा वाटा कोणाला मिळाला? हे तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिल्याचे उत्तर विज्ञान देते. पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे आपण सर्वांनी मिळून द्यायची असतात.

करून पाहा

१. पुढच्या वेळी हॉटेलात जाल तेव्हा अर्धा तास एका वेटरकडे नीट पाहा. त्याने केलेल्या कामांची यादी करा. आजचे यंत्र करू शकेल त्या कामापुढे 'य' आणि माणसालाच करावे लागेल त्यापुढे 'मा' लिहा. त्याची अडचण होणार नाही अशा बेताने त्याला विचारा, की यांतील कोणते काम यंत्राने केलेले त्याला आवडेल. त्याचे उत्तर वर्गात सांगा.

२. वेगवेगळ्या रुंदीच्या तीन भांड्यांत पाणी घेऊन हलकासा धक्का द्या आणि दहा सेकंदांतील झोके मोजा. रुंद भांड्यात लय मंद होते की जलद?

३. पाण्याच्या पृष्ठभागावर लाकडाची एक पातळ चकती तरंगत ठेवून पहिला प्रयोग पुन्हा करा. पाणी कमी सांडते का? का बरे? कावडीतून पाणी वाहणारे लोक घागरीत डहाळी का टाकत असावेत, याचाही विचार करा.